आत्यानं चिकटवलेलं पाकीट

अरे बसा बसा, चष्म्यांच्या ट्रेवर नको, तू तिकडे स्टुलावर बस. शटर अर्धं खाली घ्या. दुकानवाल्या काकांना मी सांगितलंय की आता तासभर दुकान आमचं. चहा मागू नका, चहा नंतर. आणि मागच्या खोलीतून कात्रीचा आवाज येतोय ना, तिकडे आत्ता कुणी डोकावायचं नाही, सांगते ते. आधी ऐका. मी हे कुणाला सांगितलं नाही ना, तर या काचेवर डोकं आपटेन, आणि काच काकांची आहे.

माझी आत्या तुम्हाला माहितीये. निदान आवाज तरी माहितीये. याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून "पोरी, दूध उतू जातंय!" अशी जी हाक येते ना, आणि रस्त्यावरच्या चार बायका आपापल्या घरी पळतात, ती. चौतीस वर्षं बाइंडिंगच्या कारखान्यात होती. शाळेची पुस्तकं, कोर्टाची रजिस्टरं, सगळं. तुमच्यापैकी निम्म्यांनी शाळेत ज्या पुस्तकांतल्या चित्रांना मिशा काढल्यात ना, ती तिनं शिवलेली आहेत. सहा वर्षांपूर्वी तिचे पाय गेले. गेले म्हणजे आहेत, पण शोभेला, असं तीच म्हणते. आमच्या जिन्याला बासष्ट पायऱ्या, लिफ्ट नाही. सहा वर्षांत ती दोनदा खाली आली, दोन्ही वेळा स्ट्रेचरवर.

म्हणून ती टपालानं मत देते. तशी सोय आहे. आजारी माणूस, अपंग माणूस, कामासाठी लांब गेलेला माणूस, सगळ्यांना. अर्ज करायचा, मतपत्रिका घरी येते, खूण करायची, छोट्या पाकिटात घालायची, ते मोठ्या पाकिटात, मोठ्यावर सही, आणि पेटीत टाकायचं. सोपं आहे की नाही? सोपंच होतं.

आणि तिला या वेळी मत द्यायचंच होतं. तुम्हाला आठवतंय, दर गुरुवारी पांढऱ्या स्कूटरवरून एक सिस्टर यायची? नगरपालिकेची. आत्याच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला. चार वर्षांपूर्वी आपल्या वॉर्डात तो नवा नगरसेवक निवडून आला, एकतीस मतांनी, आणि पहिल्याच महिन्यात त्यानं सिस्टर बंद करून टाकली. म्हणे, ज्यांना गरज असेल त्यांनी दवाखान्यात यावं. तेव्हापासून ड्रेसिंग मी करते. मी! चष्म्याच्या काचा पुसणारी! गेल्या पावसाळ्यात जखम चिघळली तेव्हा दुसरं स्ट्रेचर आलं. तर आत्या चार वर्षं एकच म्हणतीये, "एकतीस मतं म्हणजे काय गं? आपल्या जिन्यात तेवढी माणसं राहतात." कॅलेंडरवर खूण करून बसली होती ती. तिला तिची गुरुवारची सिस्टर परत हवीये. बस, एवढंच मागणं.

आता मुद्द्याचं ऐका.

पंधरा दिवसांपूर्वी मतपत्रिका आली. आत्यानं टेबल पुसलं, चष्मा लावला, मला सांगितलं तोंड भिंतीकडे कर. मी म्हटलं, "आत्या, तू कुणाला देणार ते गल्लीतल्या मांजरालापण माहितीये." तर म्हणाली, "मांजराला माहीत असू दे, तू भिंतीकडे बघ." बघितलं. खूण झाली, छोटं पाकीट झालं, मोठं पाकीट झालं, सही झाली, पाकिटाच्या तोंडाला जो डिंक लावलेला असतो तो तिनं ओल्या स्पंजनं भिजवला, दाबला, बाजूला ठेवलं आणि चहा घेतला. चहा अर्धा होईतो पाकिटानं तोंड उघडलं. आपोआप! जांभई दिल्यासारखं. परत भिजवलं, परत दाबलं, परत जांभई.

तुम्ही असता तर काय केलं असतं? टेप मारली असती. आत्या बाइंडर आहे. तिच्यासमोर न चिकटलेला कागद ठेवणं म्हणजे सुताराला डुगडुगत्या खुर्चीवर बसवणं. ती पाकीट उलटसुलट करून दिव्यासमोर धरून म्हणाली, "कुठल्या गाढवानं हे काम केलंय? चकचकीत कागदाला पातळ डिंक! यानं तर पोस्टाचं तिकीटसुद्धा बसणार नाही." आणि मग तिनं मला मैदा काढायला लावला. वाटीभर खळ शिजवली, गाळली, गार केली. पातळ कागदाची एक पट्टी कापली, सरळ, फूटपट्टीशिवाय, नुसत्या नजरेनं. तोंड खळीनं चिकटवलं, वरून ती कागदाची पट्टी बसवली, तिच्याकडे ती घडी दाबायची हाडाची पट्टी आहे ना जुनी, पिवळी पडलेली, ती फिरवली आणि रात्रभर जाड डिक्शनरीखाली ठेवलं. सकाळी बघते तर पाकीट नाही, दागिना! मीच कौतुकानं फोटो काढला. हा बघा, अजून आहे मोबाइलमध्ये. मीच हसत हसत पेटीत टाकून आले. मीच! म्हटलं आता हे कुणाच्या बापाला उघडायचं नाही.

आज सकाळी नऊला मेसेज. वाचते. "आपले टपाली मत स्वीकारता येत नाही. कारण: पाकीट उघडून पुन्हा बंद केल्याचे आढळले. मतदाराने आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत ओळखपत्रासह स्वतः कार्यालयात उपस्थित राहून खुलासा करावा."

स्वतः! उपस्थित! अरे, ती स्वतः उपस्थित राहू शकत नाही म्हणूनच तर टपाल! म्हणजे पोहता येत नाही म्हणून नाव मागितली, तर म्हणे नावेची पावती घ्यायला पोहत या!

माझ्या तळपायाची आग मस्तकात. काकांना म्हटलं दुकान तुम्ही बघा, आणि गेले. ते ऑफिस पहिल्या मजल्यावर. खाली पाटी, "ज्येष्ठ व अपंगांसाठी मदत केंद्र", आणि बाण वर, जिन्याकडे. हसू नका. जिन्याकडे!

वर भिंतीला यादी लावलेली. टपाली मतं नाकारलेल्यांची. दोनशे चौदा नावं. मी आपलं आत्याचं नाव शोधत बोट फिरवतीये, आणि शेजारच्या रकान्यात कारण बघतीये, तर तेच, तेच, तेच. पाकीट उघडून पुन्हा बंद. मी मोजली. दोनशे चौदातली एकशे नव्वद! मला सांगा, एका वॉर्डातली एकशे नव्वद माणसं एकाच आठवड्यात पाकीटचोर झाली?

खिडकीपाशी माझ्यापुढे एक काका उभे होते. हेच, हे बसलेत ना तुमच्याशेजारी, नमस्कार करा. यांचा मुलगा जहाजावर आहे, इंजिनात काम करतो. त्यानं तिकडून मत पाठवलं होतं, पाकीट बंद होईना म्हणून टेप मारून. काका खिडकीवाल्याला विचारत होते, "मुलगा समुद्रात आहे हो. पाचपर्यंत कसा येणार? पोहत?" आणि तो खिडकीवाला, मान वर न करता, म्हणतो कसा, "ते आम्ही कसं सांगणार?" त्यांच्यामागे एक नर्स, रात्रपाळी करून थेट आलेली, डोळे लाल. तिनं काय लावलं होतं माहितीये? जखमेला लावतात ती चिकटपट्टी. हाताशी तीच होती बिचारीच्या! ती मला म्हणाली, "पेशंटच्या हातावर सात दिवस निघत नाही ती पट्टी. यांच्या डोळ्यांत दोन सेकंदांत खुपली."

मी खिडकीवाल्याला म्हटलं, साहेबांना बोलवा. साहेब आले. आता मी चष्म्याच्या दुकानात काम करते, माझी नजर पहिल्यांदा नाकावरच जाते. त्यांचा चष्मा एका बाजूला कललेला आणि ते कागद हातभर लांब धरून वाचत होते. नंबर बदललाय त्यांचा, लिहून देते. हा माणूस पाकिटं तपासतो!

"साहेब, माझी आत्या चालू शकत नाही. तिच्या वतीनं मी आलीये. हे तिचं ओळखपत्र, हे पत्र, हा पाकिटाचा फोटो."

"प्रतिनिधी चालत नाही."

"मग तुम्ही कुणाला तरी घरी पाठवा."

"तशी तरतूद नाही."

"मग तिनं करायचं काय?"

"बाई, तिनं पाकिटाला हात लावायला नको होता."

"पाकिटाला हात न लावता ते बंद कसं करायचं, साहेब? फुंकर मारून?"

मागचे लोक हसले, त्यामुळे ते चिडले. म्हणाले, "तुमच्यासारख्यांमुळेच टपाली मतं बंद करा म्हणतात लोक. काय काय प्रकार चालतात घरोघरी, आम्हाला काय कळणार!"

प्रकार! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हेच. मी जिन्यात येऊन आत्याला फोन लावला. खरं सांगते, मला रडू येत होतं, कारण ते पाकीट मी हसत हसत टाकलं होतं. मी म्हटलं, "आत्या, तुझ्या खळीमुळे गेलं गं मत."  तिनं विचारलं, "असं किती जणांचं झालंय?" म्हटलं, एकशे नव्वद. "सगळ्यांनी खळ लावलीये?" म्हटलं नाही, कुणी टेप, कुणी गोंद, कुणी जखमेची पट्टी.  आणि मग तिचा तो आवाज आला, दूध उतू जाणारा.

"अगं भवाने, म्हणजे डिंकच फसलाय! अख्ख्या गठ्ठ्याचा! तिथे भिंतीवर कोरं पाकीट लावलंय का कुठे? नमुना म्हणून?"

मी आत डोकावले. लावलं होतं. मदतीच्या टेबलामागे फळ्यावर, टाचणीनं. "पाकीट असे बंद करावे."

"त्याच्यावर नजर ठेव," आत्या म्हणाली. "आणि कटिंगदादाला फोन कर. म्हणावं खुर्ची घेऊन ये, मी खाली येतीये."

कटिंगदादा म्हणजे तिच्या कारखान्यातले कागद कापायच्या मशीनवरचे. आले ते, दोन पोरगेले गडी आणि टेंपो घेऊन. लाकडी खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधले आणि आत्याला बासष्ट पायऱ्या उतरवली. मी बाजूनं तिचा पाय धरून. प्रत्येक पायरीला तिच्या तोंडातून बारीक आवाज यायचा आणि ती तो खोकल्यात लपवायची. दुसऱ्या मजल्यावर दादा म्हणाले, "ताई, थांबू का जरा?" तर म्हणाली, "दादा, मशीन मध्येच थांबवलं तर कागद तिरका कापला जातो, तुम्हीच सांगायचात." मला त्या क्षणी त्या साहेबांना, त्या खिडकीवाल्याला आणि त्या एकतीस मतांवाल्याला ओळीनं त्या जिन्यात उभं करायचं होतं. फक्त बघा म्हणून. एक मत देण्यासाठी हे बघा!

तिथे पोचून परत एकोणीस पायऱ्या वर. मदत केंद्राच्या! चार वाजून दहा मिनिटांनी आत्याची खुर्ची खिडकीसमोर टेकली. लोकांनी आपोआप वाट करून दिली. साहेब बाहेर आले आणि गोड आवाजात म्हणाले, "अहो आजी, एवढा त्रास कशाला घेतलात?"

"आजी तुमची असेल घरी," आत्या म्हणाली. "त्रास तुम्ही दिलात, मी फक्त घेऊन आले. आणा ते रजिस्टर."

सही केली. ओळखपत्र दाखवलं. खुलासा या रकान्यात तिनं लिहिलं, "पाकीट बंद होत नव्हते म्हणून बंद केले." साहेबांनी शिक्का मारला आणि म्हणाले, "झालं बघा तुमचं. मत धरलं जाईल. या आता."

आणि मला वाटलं, झालं! सुटलो! मी दादांना खूण करतीये, उचला म्हणून. तर आत्या म्हणते, "पोरी, तो फळ्यावरचा नमुना दे काढून."

साहेब म्हणाले, "त्याला हात लावू नका."

"मी नाही लावत. तुम्ही लावा. तिथे लिहिलंय ना, पाकीट असे बंद करावे? करा. तुमच्या हातानं, तुमच्या पाण्यानं. मी चौतीस वर्षं कागद चिकटवलाय, मला शिकू द्या."

आता चाळीस माणसं बघतायत, नाही कसं म्हणणार? त्यांनी पाकीट काढलं, ओल्या स्पंजवर डिंक फिरवला, तोंड दुमडलं, टेबलावर ठेवून मुठीनं दाबलं. चांगलं दाबलं. आणि ऐटीत म्हणाले, "हे बघा. बसलं."

आत्या म्हणाली, "हो. आता हात काढा आणि चहा सांगा."

  ती नर्स, काका, मी, खिडकीवालासुद्धा खिडकीतून मान काढून, सगळे एका पाकिटाकडे बघत. एक मिनिट गेलं असेल. दीड. आणि पाकिटाचं एक टोक सुटलं. मग हळूहळू दुसरं. आणि पाकिटानं जांभई दिली.

"साहेब," आत्या हळू म्हणाली, "आता तुमचंही नाव यादीत घालू का?"

असला हशा झाला! पण आत्या हसली नाही. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. म्हणाली, "हसताय काय? एकशे नव्वद माणसांनी तुमची चूक स्वतःच्या खळीनं, स्वतःच्या टेपनं नीट करून पाठवली आणि तुम्ही त्यांनाच चोर म्हणता? आमच्या कारखान्यात एक फॉर्म, पानांची एक घडी, उलटा शिवला गेला तर अख्खा गठ्ठा उसवून परत शिवायचो आम्ही. वाचणाऱ्याला नव्हतो सांगत की तू उलटा वाच."

साहेब म्हणाले, "पण तुमचं तर झालं ना?"

तिथे ती भडकली! "माझं झालं म्हणजे? मला खाली आणायला चार माणसं मिळाली म्हणून माझं झालं! ज्याला नाही मिळाली त्याचं? मी इथून हलत नाही. दादा, बांबू सोडा खुर्चीचे."

दादांनी सोडले. दारातच खुर्ची. कुणाला आत जाता येईना की बाहेर. साहेब आतल्या खोलीत गेले, फोनवर फोन. पाच वाजायला दहा मिनिटं असताना बाहेर आले, हातात कागद. या कारणानं नाकारलेल्या सगळ्यांना उद्या पाचपर्यंत मुदत. मतदारानं स्वतः यायची गरज नाही. सही केलेला खुलासा आणि ओळखपत्राची झेरॉक्स, कुणीही आणून दिली तरी चालेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या, मूर्खासारख्या.

मग काकांनी विचारलं, "माझ्या मुलाची सही फोटोत मागवली तर?" साहेब म्हणाले, "नाही. मूळ सहीच लागेल." काकांनी मान हलवली. बस. जहाज उद्या पाचपर्यंत कुठल्याही बंदराला लागणार नाहीये. त्या पोराचं मत गेलं. त्यानं नियमाप्रमाणे सगळं केलं होतं, पाकीट बंदसुद्धा केलं होतं.

आणि मी विचारलं, "ही नवी मुदत लोकांना कळवणार कोण?" तर काय उत्तर असेल? "आम्ही सकाळी एकदा मेसेज पाठवलाय. कागद फळ्यावर लावतो." फळ्यावर! पहिल्या मजल्यावरच्या फळ्यावर, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांनी वाचावा म्हणून!



आता हिशोब ऐका. एकशे नव्वदमधले सात जण आज स्वतः येऊन सही करून गेले, आत्या आणि नर्स धरून. काकांचा मुलगा गेला. राहिले एकशे ब्याऐंशी. यादी मी फोटो काढून आणलीये, नाव आणि पत्ता दोन्ही आहे, सगळे आपल्याच वॉर्डातले. तुम्ही सात जण, मी आणि काका. हो, काकाच मला जिन्यात म्हणाले, "माझ्या पोराचं गेलं ते गेलं. मला वीस नावं दे." मी तर तिथेच रडले. नऊ जण, वीस-वीस नावं, उरलेली दोन आपल्याच जिन्यातली आहेत, ती मी जाता-येता करते.

दार वाजवायचं, समजावून सांगायचं, खुलाशावर त्यांची सही घ्यायची, ओळखपत्राची झेरॉक्स घ्यायची. कुणाला मत दिलं हे विचारायचं नाही. चुकूनही नाही. त्यानं त्या एकतीस मतांवाल्याला दिलं असेल तरी त्याची सही आणायची. मी आत्याला तेच विचारलं टेंपोत, की आत्या, यातले निम्मे त्यालाच देणारे असतील तर? तुझी सिस्टर याही वेळी हातची जाईल. तर म्हणाली, "जाऊ दे. मोजून जाऊ दे. न मोजता नाही."

आणि तो कात्रीचा आवाज. आत्याच आहे ती. मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी. आल्यावर दादा म्हणाले, चला ताई, वर नेतो. तर म्हणाली, उद्या पाचला. एकदाच उतरवलंय मला, पुरेपूर उपयोग करून घेते. तेव्हापासून खुलाशाचे कागद कापतीये, एकशे ब्याऐंशी, सगळे एका मापाचे, आणि नावांच्या पट्ट्या. दुकानवाल्या काकांनी तिला गादी आणून दिलीये.

हां आत्या, सांगतीये! हो, सगळे आलेत!

बोलावतीये ती. एकेकानं आत जा आणि आपापल्या पट्ट्या घ्या. तू पाण्याच्या टाकीकडचा भाग घे, तुझी सायकल आहे. तू दवाखान्यामागच्या गल्ल्या. काका, तुम्ही सपाट रस्ता घ्या, जिने आम्ही बघतो. पाकीट, डिंक, टेप असलं काहीही कुणाच्या हाताला लागू देऊ नका. आणि आत जाताना हात पुसून जा रे, कागदाला डाग पडला तर ती परत कापायला घेते.